हृदयविकाराचा झटका आणि रक्तातील दाहाची साक्ष

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. आजचा विषय वैद्यकीय आणि वक्ता मात्र कापडाचा व्यापारी, तोही वाणिज्य शाखेचा पदवीधर. तेव्हा याला हा अधिकार कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर एवढेच की गेली अनेक वर्षे आपल्या समाजातील कुटुंबे रुग्णालयातील इंग्रजी अहवालांची फाईल घेऊन माझ्या दुकानी येतात आणि म्हणतात, "काका, एवढे वाचून सांगा." अहवालाचा अर्थ लावणे हा डॉक्टरांचा अधिकार, तो मी घेत नाही. आकडा कोणता, त्याचे माप कोणते आणि शेजारी छापलेली मर्यादा कोणती, एवढे मात्र वाचून दाखवितो. या वाचनातून मला असे जाणवले की हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरच्या माणसांची झोप ज्या आकड्यांमुळे उडते, त्यांत 'सी.आर.पी.' या तीन अक्षरांचा क्रमांक फार वरचा आहे. म्हणून जिज्ञासेने मी या विषयाचे वाचन केले, डॉक्टर स्नेह्यांना प्रश्न विचारले, आणि त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे साध्या शब्दांत ठेवीत आहे.

प्रथम 'दाह' या शब्दाविषयी. बोट कापले की तेथे लाली येते, ऊब वाढते, सूज चढते आणि ठणका लागतो. जखमेच्या जागी शरीराने धाडलेल्या मदतीची ही चिन्हे होत. या साऱ्या क्रियेला वैद्यकात दाह म्हणतात. आपण तो शत्रू मानतो. वस्तुतः तो शरीराचा सेवक आहे. तो प्रमाणात असेल तर जखम भरते, प्रमाणाबाहेर गेला तर शेजारची धड जागाही बिघडवितो. आजच्या साऱ्या विवेचनाचे बीज या एका वाक्यात आहे.

आता हृदयाकडे वळू. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबी आणि पेशी साचून एक थर तयार होतो. तो थर एखाद्या क्षणी फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते, वाट बंद होते आणि पलीकडचा स्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. मरणाऱ्या स्नायूतून ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपते. म्हणून झटका आला की नाही हे ठरविण्यासाठी ई.सी.जी.च्या जोडीला ट्रोपोनिन पाहिले जाते. ट्रोपोनिन हे झालेल्या नुकसानीचे माप आहे. त्या नुकसानीनंतर शरीराने जी धावपळ आरंभिली, तिचे माप म्हणजे दाहाचे निर्देशक.

ही धावपळ कशी चालते? पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी मृत स्नायूकडे धाव घेतात. त्यांच्यामागून मॅक्रोफेज नावाच्या पेशी येऊन मलबा उचलतात. मग नवे तंतू विणले जातात आणि काही आठवड्यांनी त्या जागी घट्ट व्रण तयार होतो. आपल्या धंद्याच्या भाषेत हे रफूचे काम आहे. उत्तम रफूगार आधी फाटलेल्या जागेचे कुजके धागे काढून टाकतो. त्या घटकेला कापड सर्वांत नाजूक असते, ओढ बसली तर चीर वाढते. हृदयाच्या भिंतीचेही पहिल्या आठवड्यात तसेच असते. जुने गेलेले, नवे अजून आलेले नाही, आणि ठोके तर क्षणभरही थांबत नाहीत. म्हणूनच झटक्यातून वाचलेल्या रुग्णाला डॉक्टर विश्रांती आणि देखरेखीखाली ठेवतात.

आता त्या तीन अक्षरांची कुळकथा. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोन संशोधक न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त अभ्यासत होते. न्यूमोनियाच्या जंतूतील 'सी' नावाच्या घटकाशी या रुग्णांच्या रक्तातील काहीतरी प्रतिक्रिया करते आणि रुग्ण बरा झाला की ते नाहीसे होते, असे त्यांना आढळले. त्यावरून त्या पदार्थाला सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सी.आर.पी. हे नाव मिळाले. तो जंतूचा भाग नसून आपल्याच यकृतात तयार होणारे प्रथिन आहे, हे नंतर उमगले. शरीरात कोठेही दाह पेटला की इंटरल्युकिन-६ नावाचा संदेश यकृताकडे जातो आणि यकृत हे प्रथिन भराभर तयार करू लागते. रक्तात आलेल्या या प्रथिनातील निम्मा भाग सुमारे १९ तासांत नाहीसा होतो. म्हणजे दाह शमला की आकडाही लवकर उतरू लागतो. १९५० च्या दशकात, जंतुसंसर्ग नसतानाही केवळ हृदयविकाराच्या झटक्याने हे प्रथिन वाढते, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले होते.

येथे काळाचा हिशेब नीट लक्षात घ्यावा, कारण घरोघरी होणारी घबराट येथेच जन्म घेते. झटक्यानंतर साधारण ६ ते १२ तासांनी सी.आर.पी. वाढू लागते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जाते आणि पुढे उतरणीला लागते. निरोगी माणसात ती लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास असते; मोठ्या झटक्यानंतर ती शंभराच्याही पुढे जाऊ शकते. म्हणजे रुग्ण जरा बोलू लागला, घोटभर चहा घेऊ लागला, नेमका त्याच दिवशी अहवालातील आकडा सर्वांत भयंकर दिसतो.

माझ्या एका साडूंच्या बाबतीत असेच घडले. वेळेवर रुग्णालयात पोहोचले, बंद धमनी उघडली गेली, सारे सुरळीत चालले होते. तिसऱ्या दिवशीच्या अहवालात सी.आर.पी. ११८ आली. शेजारी छापलेले होते, '५ पेक्षा कमी'. दोन्ही मुलांचे धैर्य सुटले. येथे काही खरे नाही, वडिलांना आजच्या आज पुण्याला हलवू, असा त्यांनी निश्चय केला आणि रुग्णवाहिकाही ठरविली. तिसऱ्या दिवसाच्या हृदयाला तो प्रवास म्हणजे ओल्या रफूला दिलेला हिसका ठरला असता. सुदैवाने तेथील डॉक्टर शांतपणे त्यांच्याजवळ बसले. ताप नाही, रक्तदाब स्थिर आहे, छाती स्वच्छ आहे, इकोमध्ये हृदयाचे आकुंचन समाधानकारक आहे, मग एकट्या आकड्याला इतके महत्त्व कशासाठी, असे त्यांनी समजावले. पाचव्या दिवशी तोच आकडा निम्म्याहून खाली आला होता. साडू घरी आले आणि आज रोज सकाळी मंदिरापर्यंत चालत जातात.

याच्या उलट उदाहरणही माझ्या दुकानातच पाहिले. परगावच्या एका परिचितांची फाईल आली. सी.आर.पी. होती १२.४, आणि मंडळी निर्धास्त होती. कोणाच्या तरी शंभराच्या वर गेलेल्या आकड्याच्या मानाने बारा म्हणजे काहीच नाही, असा त्यांचा समज. मी माप वाचले. ते मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. डेसिलिटर म्हणजे लिटरचा दहावा हिस्सा. म्हणजे हे १२.४ लिटरच्या मापात १२४ झाले! एकाच प्रथिनाचा अहवाल काही प्रयोगशाळा लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये. वार आणि मीटर यांत गोंधळ केला तर गिऱ्हाईकाचा सदरा आखूड होतो. येथे दहापटीचा गोंधळ आहे. म्हणून अहवालातील आकडा वाचण्यापूर्वी त्याचे माप वाचावे, ही माझी पहिली विनंती आहे. त्या मंडळींना मी त्याच दिवशी फाईल घेऊन डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले, आणि ते गेले.

आता मूळ प्रश्न असा की या दाहाच्या निर्देशकांवरून पुढील गुंतागुंत आधी कळते का? झटक्यानंतरची गुंतागुंत अनेक प्रकारची असते. हृदयाची शक्ती क्षीण होऊन फुप्फुसांत पाणी साचते, ठोक्यांची लय बिघडते, रक्तदाब कोसळतो, क्वचित हृदयाची भिंत फाटते, हृदयाच्या पोकळीत गुठळी धरून ती मेंदूकडे जाऊ शकते. कोणाला अधिक जपायचे, कोणाला अतिदक्षता विभागात ठेवायचे आणि कोणाला लवकर घरी सोडायचे, हे ठरविण्यासाठी पूर्वसूचना मिळाली तर ती मोलाचीच.

या दिशेने गेल्या तीन दशकांत पुष्कळ काम झाले. १९९४ साली रोममधील संशोधकांनी दाखविले की अस्थिर हृदयशूळ घेऊन दाखल झालेल्या रुग्णांत ज्यांची सी.आर.पी. आरंभीच वाढलेली होती, त्यांना पुढे अधिक त्रास झाला. १९९७ साली जपानी डॉक्टरांनी पहिल्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची सी.आर.पी. फार वर गेली, त्यांच्यात हृदयाची भिंत फाटणे, तिला फुगा येणे आणि वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू येणे यांचे प्रमाण अधिक होते. दाह प्रमाणाबाहेर गेला की रफूच उसवते, याचा हा पुरावाच म्हणावा.

माझ्यासारख्या हिशेबी माणसाला अधिक भावला तो २००० साली प्रसिद्ध झालेला स्वीडनचा अभ्यास. अस्थिर हृदयशूळ किंवा त्या जातीचा झटका आलेल्या ९१७ रुग्णांना सरासरी ३७ महिने पाहिले गेले. ज्यांची सी.आर.पी. २ पेक्षा कमी होती, त्यांच्यापैकी ५.७ टक्के हृदयविकाराने दगावले. २ ते १० असलेल्यांपैकी ७.८ टक्के, आणि १० पेक्षा अधिक असलेल्यांपैकी १६.५ टक्के. म्हणजे वरच्या गटात धोका जवळजवळ तिप्पट.

'तिप्पट' हा शब्द कानी पडला की काळजात धस्स होते. परंतु ताळेबंदाला जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असतात. १६.५ टक्के गेले, याचा अर्थ त्या सर्वांत भयावह गटातीलही ८३.५ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही हृदयविकाराने मृत्यू आलेला नव्हता. शिवाय तो अभ्यास पंचवीस वर्षांपूर्वीचा. त्यानंतर उपचार बरेच सुधारले. तसेच कमी आकड्याच्या गटातही ५.७ टक्के दगावलेच. तात्पर्य, हा आकडा शंभर रुग्णांच्या समूहाविषयी खरे सांगतो. त्या शंभरांतील आपला माणूस कोणत्या बाजूला आहे, हे तो एकटा सांगू शकत नाही. बाजारात मंदी आहे हे खरे असले तरी अमुक दुकान बुडणारच, असे त्यावरून सांगता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरा एक निर्देशक फार स्वस्त आहे. रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, जी तालुक्याच्या गावीही होते, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे टक्के दिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की एक गुणोत्तर मिळते. न्यूट्रोफिल ६० आणि लिम्फोसाइट ३० असतील तर २; न्यूट्रोफिल ८० आणि लिम्फोसाइट १० असतील तर ८. झटक्याने दाह वाढतो तेव्हा न्यूट्रोफिल वाढतात, आणि शरीरावरील ताणामुळे लिम्फोसाइट घटतात. म्हणून हे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी चढते. ज्या रुग्णांत ते अधिक, त्यांच्यात गुंतागुंत आणि मृत्यू अधिक, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. परंतु कोणत्या आकड्याला धोक्याची रेषा म्हणावे, यावर एकमत नाही. प्रत्येक अभ्यासाची रेषा वेगळी. स्टेरॉइडची गोळी घेतली किंवा कोठे जंतुसंसर्ग झाला, तरी ते चढते. म्हणून घरी बसून भागाकार करून कोणी भिऊ नये.

सी.आर.पी.लाही हाच दोष आहे. ती दाह आहे एवढे सांगते, कोठे आहे ते सांगत नाही. हिरड्यांचा विकार, सांधेदुखी, लघवीचा जंतुसंसर्ग, अतिस्थूलता, धूम्रपान, नुकतीच झालेली दुखापत, यांपैकी कशानेही ती वाढते. आरोग्य-तपासणीच्या जाहिरातींत जी अतिसंवेदनशील सी.आर.पी. असते, तीही याच प्रथिनाची सूक्ष्म मोजणी होय. लिटरला १ पेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा अधिक, असे तिचे ढोबळ टप्पे निरोगी माणसाचा दूरवरचा धोका अजमाविण्यासाठी आहेत. नुकत्याच झटक्यातून उठलेल्या माणसाला ती पट्टी लावणे गैर आहे. या तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नसते, हेही सांगून ठेवतो.

मग डॉक्टर धोका कशावरून ठरवितात? १९६७ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर किलिप आणि किंबॉल यांनी झटक्याच्या २५० रुग्णांची वर्गवारी केवळ तपासून, छातीला नळी लावून केली. फुप्फुसे स्वच्छ असलेल्यांत मृत्यू ६ टक्के. थोडे पाणी असलेल्यांत १७. फुप्फुसे पाण्याने भरलेल्यांत ३८. आणि रक्तदाब कोसळून अंग थंड पडलेल्यांत ८१ टक्के. रक्ताचा एक थेंबही न घेता एवढे भविष्य कळले! आजच्या उपचारांनी हे आकडे पुष्कळ उतरले आहेत, पण वर्गवारी अजून वापरात आहे. पुढे अनेक देशांतील रुग्णांच्या नोंदींवरून 'ग्रेस' नावाची गुणपद्धती तयार झाली. तीत आठ बाबी पाहतात: वय, नाडीचा वेग, वरचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन, किलिपची वर्गवारी, ई.सी.जी.तील बदल, ट्रोपोनिनसारख्या हृदय-प्रथिनांची वाढ, आणि दाखल होताना हृदय बंद पडले होते का. या आठांत सी.आर.पी. नाही. याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नव्हे. मुख्य हिशेब या आठ खात्यांवर चालतो आणि दाहाचा आकडा हा समासातील शेरा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरायचा आकडा जर पुन्हा चढू लागला, तर कोठे जंतुसंसर्ग आहे का, हृदयावरील आवरणाला दाह झाला आहे का, हे डॉक्टर शोधतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक बोलकी असते.

आपल्यापैकी चिकित्सक श्रोते विचारतील की दाहामुळे अपाय होतो, तर औषध देऊन तो दाबून का टाकू नये? हा विचार डॉक्टरांनीही केला. १९७० च्या दशकात झटक्याच्या रुग्णांना जोरदार स्टेरॉइड देऊन पाहिले गेले. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने हानीच झाल्याचे दिसले. मृत स्नायूचा विस्तार वाढला. दाह हा सेवक आहे, असे आरंभी म्हटले ते याचसाठी. रफूगारालाच हाकलले तर कापड सांधणार कोण?

त्यानंतर अधिक नेमके प्रयत्न झाले. २०१७ साली पूर्वी झटका आलेल्या आणि सी.आर.पी. चढलेल्या १०,०६१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. दाहाच्या एका विशिष्ट संदेशालाच अडविणाऱ्या कॅनाकिन्युमॅब या इंजेक्शनाच्या मधल्या मात्रेने पुढील झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. दाह हा निव्वळ साक्षीदार नसून गुन्ह्यात त्याचाही हात आहे, हे प्रथमच सिद्ध झाले. परंतु जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. मग गाऊटच्या दुखण्यावर फार पूर्वीपासून दिले जाणारे कोल्चिसिन हे स्वस्त औषध पुढे आले. २०१९ साली झटक्यानंतरच्या ४,७४५ रुग्णांत त्याचा लाभ दिसला. अनिष्ट घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. सर्वत्र आनंद झाला. परंतु २०२४ साली ७,०६२ रुग्णांवरील अधिक मोठ्या चाचणीत ९.१ आणि ९.३ टक्के, म्हणजे औषध घेणारे आणि न घेणारे जवळजवळ समान ठरले. विशेष म्हणजे या चाचणीत औषध घेणाऱ्यांची सी.आर.पी. खाली आली होती! आकडा उतरला, पण रुग्णाचा धोका तेवढाच राहिला. धूर कमी दिसला म्हणजे आग विझली असे होत नाही, हे यावरून शिकावे. म्हणून सी.आर.पी. उतरविण्याचा हमखास उपाय म्हणून कोणी काढा, चूर्ण वा गोळी विकू लागला, तर आपण हात जोडून पुढे जावे.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या देशाचा एक ताळेबंद सांगतो. २००१ ते २००५ या काळात भारतातील ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि २००८ साली ती प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेल्या वेळेचा मध्यबिंदू होता ३६० मिनिटे. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागला. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन मिळण्यास मात्र ५० मिनिटे लागली. आता मघाचा हिशेब आठवा. सी.आर.पी. वाढू लागते ती सहा ते बारा तासांनी. दाहाचा निर्देशक रक्तात डोके वर काढू लागतो, तोवर आपली निम्मी माणसे घरीच ओवा चघळत, पित्ताची गोळी घेत, 'गॅस असेल' म्हणत बसलेली! हृदयाचा स्नायू वाचविण्याचा जो मोलाचा काळ, तो त्यात निघून जातो. तिसऱ्या दिवशीच्या आकड्यावर आपण रात्रभर चर्चा करतो, पण तो आकडा किती मोठा होणार, हे पहिल्या काही तासांतील आपल्या दिरंगाईवरही अवलंबून असते. स्नायू जितका अधिक मरेल, तितका दाह अधिक पेटेल.

त्याच नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. महिनाभरात दगावलेल्यांचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होते. मात्र उपचारांतील फरक जमेस धरल्यावर हा भेद उरला नाही. गरिबाचे हृदय वेगळे नव्हते. त्याला मिळालेली औषधे आणि शस्त्रक्रिया कमी होत्या. सामाजिक कार्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे वाक्य आपल्या कार्यालयात लिहून ठेवावे, असे मला वाटते. झटक्यानंतरची नित्याची औषधे कोणाची पैशाअभावी खंडित होत असतील, तर तेथे दिलेला एक रुपया महागड्या तपासणीवर खर्च केलेल्या शंभर रुपयांहून अधिक पुण्याचा.

समारोपाआधी काही व्यवहारातील गोष्टी. छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, दम लागणे यांपैकी काही जाणवले तर वाट पाहू नये. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. स्त्रियांत आणि मधुमेहींत कळ फारशी न येता नुसती मळमळ किंवा थकवाही असू शकतो, हे घरातील सुनांनी आणि मुलांनी ध्यानी ठेवावे. रुग्णालयात असताना डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: हृदयाचे आकुंचन किती टक्के आहे, ठोक्यांची लय व्यवस्थित आहे का, आणि कोणते औषध किती काळ बंद करायचे नाही? सी.आर.पी.विषयी विचारायचेच असेल तर आजचा आकडा किती एवढेच न विचारता, कालच्यापेक्षा तो कोणत्या दिशेला चालला आहे, हे विचारावे. सर्व अहवाल तारखेनुसार एका फाईलीत लावावेत. खातेवही आपण जशी ठेवतो, तशी.

आणखी एक नाजूक गोष्ट आदरपूर्वक सांगतो. पर्वकाळात उपवास आणि रात्री चौविहार करणारी बरीच मंडळी आपल्यात आहेत. धमनीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाने रक्ताची गुठळी होऊ न देणारी औषधे परस्पर थांबविली, तर त्या स्टेंटमध्येच गुठळी धरून दुसरा झटका येऊ शकतो. पर्वाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून औषधांच्या वेळा बसवून घ्याव्यात आणि गुरुजनांपुढेही आपली प्रकृती मोकळेपणाने मांडावी. धूम्रपान आणि तंबाखू यांविषयी वेगळे सांगायला नको. धमन्यांतील दाहाला रोज तेल घालण्याचा तो प्रकार आहे.

सुज्ञहो, रक्त बोलते हे खरे आहे. संकटानंतर शरीरात काय चालले आहे, याची साक्ष ते देते. परंतु न्यायालयातही एका साक्षीवर निकाल लागत नाही; इतर पुरावे पाहावे लागतात, आणि निकाल देण्याचा अधिकार ज्याचा त्याच्याकडेच असावा लागतो. अहवालातील आकडा वाचायला आपण सर्वांनी शिकावे, त्याचे माप ओळखावे, त्याची चाल पाहावी. मात्र त्याला विधिलिखित मानून रुग्णाच्या उशाशी रडत बसू नये, आणि तो लहान दिसला म्हणून औषधे सोडूनही देऊ नयेत. रुग्णशय्येजवळच्या माणसांचे धैर्य कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येत नाही, पण रुग्णाला ते तत्क्षणी कळते.

 न्यासाच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा व्यक्त करून आणि सर्वांना निरामय दीर्घायुष्य लाभो अशी मंगल भावना भावून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!